पेट्रोलवरचे दोन आणे आणि बॅरिस्टर जयकर

आपल्या तालुक्यातली कितीतरी पोरं स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला पुण्यात आहेत. त्यांना जयकर हे नाव विचारलं तर ती विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय सांगतील. पहाटे जाऊन जागा धरायची आणि रात्रीपर्यंत पुस्तकात डोकं घालून बसायचं, एवढीच बहुतेकांना या नावाची ओळख. माझी पुतणीसुद्धा दोन वर्षं तिथे बसली. ते जयकर कोण होते हे तिला सांगता आलं नाही आणि खरं सांगतो, मलाही येत नव्हतं.

मला जयकर भेटले ते रस्त्यापायी. आमच्या वस्तीपासून मोठ्या रस्त्यापर्यंतचा चार किलोमीटरचा तुकडा गेली कित्येक वर्षं खड्ड्यात आहे. गेल्या हंगामात कांद्याने भरलेल्या ट्रॉलीचा पाटा तिथेच तुटला आणि निम्मा माल चारीत गेला. अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो, तर रस्ता आमच्याकडे नाही असं उत्तर मिळालं. दुसऱ्या कार्यालयात गेलो, तिथेही तेच. मग हा रस्ता आहे तरी कुणाचा, याचा शोध घ्यायला लागलो. कागद उलटत मागे मागे जाताना १९२७ सालच्या एका समितीपाशी पोहोचलो. त्या समितीचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. रस्ता कुणाचा आणि त्याचा पैसा कुणी भरायचा, हाच प्रश्न त्या समितीपुढे होता.

मुकुंदरावांचा जन्म १३ नोव्हेंबर १८७३ चा, मुंबईतल्या पाठारे प्रभू समाजातला. मुंबईतच शिकले, १९०२ मध्ये वकिलीची परीक्षा दिली, मग विलायतेला जाऊन १९०५ मध्ये बॅरिस्टर झाले आणि परत येऊन मुंबई हायकोर्टात उभे राहू लागले. म्हणजे माणूस सगळा शहरातला आणि कायद्यातला. इंजिनिअरिंगशी संबंध नाही, शेतीशी नाही. अशा माणसाकडे देशातल्या रस्त्यांचं काम कसं आलं, हे समजायला त्यांचं मधलं आयुष्य थोडं बघावं लागतं.

१९१९ मध्ये अमृतसरला जालियनवाला बागेत गोळीबार झाला. सरकारने आपली चौकशी नेमली, पण काँग्रेसने स्वतःची वेगळी चौकशी केली. त्या चौकशीत गांधीजी होते, चित्तरंजन दास होते, अब्बास तय्यबजी होते आणि जयकरही होते. पुढे १९२३ मध्ये स्वराज्य पक्षातर्फे ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले आणि तिथले त्या पक्षाचे पुढारी झाले. पण कौन्सिलात जाऊन नुसतीच अडवणूक करायची, हे त्यांना पटेना. सरकार चांगलं काही करत असेल तर हात द्यावा, वाईट करत असेल तर विरोध करावा, अशा मताचे ते होते. नरसिंह चिंतामण केळकर, नागपूरचे डॉ. मुंजे हेही त्याच विचाराचे. या मंडळींनी प्रतियोगी सहकाराचा वेगळा गट काढला. त्यामुळे काँग्रेसवाले त्यांना मवाळ म्हणू लागले आणि सरकारला ते पूर्ण आपले कधी वाटले नाहीत. दोन्हीकडून बोलणी खाणारा माणूस गावकीत असतो ना, तशातली गत. पण भावकीत वाद लागला की लोक त्यालाच बोलावतात, हेही तितकंच खरं.

१९२६ मध्ये ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले. आणि पुढच्याच वर्षी रस्त्यांचा विषय निघाला.

तेव्हाचे रस्ते डोळ्यांपुढे आणा. आमच्या आजोबांच्या वेळची बैलगाडी, लाकडी चाक आणि त्यावर लोखंडी धाव. रस्ता खडीचा, मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून घट्ट केलेला. लोखंडी धाव अरुंद असते आणि सगळं वजन दोन-तीन बोटांच्या पट्टीवर येतं. ती खडी दळत जाते आणि चाकोरी पडते. तरी बैलगाडीच्या वेगात असा रस्ता बरीच वर्षं टिकायचा. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी आणि लॉऱ्या वाढल्या, गावोगाव सर्व्हिस मोटारी सुरू झाल्या. रबरी टायर खडी दळत नाही, पण जोरात पळताना खडीतली बारीक माती उडवून नेतो. मोटारीमागे धुळीचा लोट उठतो तो म्हणजे रस्त्याचा चुनाच उडतोय असं समजा. माती गेली की खडी सुटी होते आणि पहिल्याच पावसात खड्डा पडतो. बैलगाडी दळणार आणि मोटार उडवणार, या दोघांच्या मध्ये रस्ते मेले. उपाय होता डांबराचा, पण त्याला पैसा लागत होता.

आणि पैसा कुणाचा लागत होता? इथे खरी मेख होती. १९१९ च्या सुधारणांनंतर रस्ते हा विषय प्रांतांकडे गेला होता. लष्कराच्या उपयोगाचे रस्ते सोडले तर दिल्लीचं सरकार हात झटकून मोकळं झालं होतं. प्रांतांनी पुष्कळसे रस्ते जिल्हा लोकल बोर्डांच्या गळ्यात घातले होते. लोकल बोर्डाची कमाई कशातून, तर शेतसाऱ्यावरच्या लोकल फंडातून. मुंबई इलाख्यात हा लोकल फंड १८६० नंतरच्या दशकात सुरू झाला तेव्हा सारा भरताना रुपयामागे एक आणा जादा द्यावा लागे. त्यातला एक हिस्सा शाळांना आणि दोन हिस्से रस्ते, विहिरी, धर्मशाळा अशा कामांना. म्हणजे मोटार शहरातल्या शेठची किंवा साहेबाची, ती येऊन रस्ता उधळून जायची, आणि दुरुस्ती व्हायची ती सारा भरणाऱ्या कुणब्याच्या आण्यातून. मोटारवाला पेट्रोलवर जकात भरत होता, गाडी आयात करताना भरत होता, पण तो पैसा दिल्लीच्या मोठ्या तिजोरीत जायचा. तिथून रस्त्याकडे यायला वाट नव्हती.

दिल्लीला रस्त्यांची ओढ कमी असण्याचं आणखी एक कारण होतं, रेल्वे. रेल्वेत सरकारचा मोठा पैसा गुंतलेला. रस्ता चांगला झाला की लॉरी रेल्वेचा माल पळवणार, ही भीती तेव्हापासूनच होती.

अशा परिस्थितीत १९२७ मध्ये कायदेमंडळाच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीने रस्ते विकास समिती नेमली गेली आणि अध्यक्ष झाले जयकर. यात सरकारी अधिकारी, निवडून आलेले सभासद, वेगवेगळ्या प्रांतांची आणि धंद्यांची गाऱ्हाणी, सगळ्यांना एका कागदावर आणायचं होतं. प्रांतांना आपल्या अधिकारात दिल्लीची ढवळाढवळ नको होती. दिल्लीला पैसा सोडायचा नव्हता. मोटारवाल्यांना नवा कर नको होता. रेल्वेला रस्ताच नको होता. इंजिनिअर कितीही हुशार असता तरी हे काम त्याच्या एकट्याच्या हातचं नव्हतं. इथे दोन्ही बाजूंचं ऐकून घेणारा वकील लागत होता.

समितीने प्रांतोप्रांतीची माहिती जमवली, साक्षी घेतल्या आणि वर्षभरात, १९२८ च्या अखेरीस, अहवाल दिला. आपल्याकडच्या समित्या मुदतवाढ मागत बसतात, त्या मानाने हे कौतुकाचं म्हणायला हवं.

अहवालातल्या शिफारशी थोड्या होत्या, पण एकेक वजनाची. पहिली अशी की रस्त्यांचा विकास आता प्रांतांच्या आणि लोकल बोर्डांच्या कुवतीबाहेर गेला आहे, तेव्हा हा सबंध देशाच्या हिताचा विषय मानून दिल्लीने त्यात पैसा घालावा. दुसरी, पेट्रोलवर जादा कर बसवावा आणि त्याचा वेगळा रस्ता निधी करावा. तिसरी, देशभरातल्या रस्ते इंजिनिअरांनी एकत्र बसून अनुभवाची देवाणघेवाण करावी, त्यासाठी एक निमसरकारी संस्था असावी. आणि चौथी, रस्त्यांवर संशोधन करणारी संस्था असावी.

दुसरी शिफारस लगेच अमलात आली. १९२९ च्या मार्चपासून पेट्रोलवरची जकात गॅलनमागे चार आण्यांवरून सहा आणे झाली आणि वाढलेले दोन आणे रस्ता निधीत जमा होऊ लागले. गॅलन म्हणजे साधारण साडेचार लिटर आणि दोन आणे म्हणजे साडेबारा पैसे. हिशेब केला तर लिटरमागे पावणेतीन पैसे पडतात. आज ऐकायला काहीच वाटत नाही. पण त्यातली गोम अशी की हा पैसा मोठ्या तिजोरीत मिसळायचा नाही, वेगळा ठेवायचा. सुरुवातीला हे पाच वर्षांपुरतं होतं, नंतर ते चालूच राहिलं. गोळा झालेल्या रकमेतला काही भाग केंद्राने राखून ठेवायचा आणि बाकीचा प्रांतांना वाटायचा.

एक शेतकरी म्हणून मला यातली एक गोष्ट खटकते आणि ती सांगितलीच पाहिजे. वाटप कसं ठरलं, तर ज्या प्रांतात जितकं पेट्रोल खपतं त्या प्रमाणात. ज्याने भरलं त्याला मिळावं, हा न्याय वकिली दृष्टीने सरळ आहे. पण पेट्रोल कुठे खपतं? जिथे मोटारी आहेत तिथे. मोटारी कुठे, तर जिथे रस्ते आधीच बरे आहेत तिथे. ज्या मुलखात रस्ताच नाही तिथे मोटार जाणार कशी, पेट्रोल खपणार कसं आणि निधी येणार कसा? आणि प्रांताला पैसा मिळाला तरी तो मोठ्या रस्त्यांकडे जाणार, हे उघड होतं. ज्या कुणब्याच्या आण्यावर इतकी वर्षं रस्ते चालले होते, त्याच्या गावच्या वाटेला यातून थेट काही मिळालं नाही. विशेष म्हणजे त्याच १९२८ साली शेतीसाठी नेमलेल्या शाही आयोगाचाही अहवाल आला होता आणि माल बाजारात न्यायला रस्ते नसल्याने शेतकऱ्याचं नुकसान होतं, हे त्यात मांडलेलं होतं. दोन्ही अहवाल एकाच वर्षाचे. जयकरांच्या समितीने कुलूप उघडलं हे मान्य, पण दार गावाकडे उघडायला आणखी पंधरा वर्षं जावी लागली.

तिसरी शिफारस १९३४ च्या डिसेंबरात पुरी झाली. दिल्लीत इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. नाव काँग्रेस असलं तरी तिचा पक्षाशी संबंध नाही, ती इंजिनिअरांची सभा आहे. आज रस्त्यावर आपण जे काही बघतो त्याची मापं ही संस्था ठरवते. उदाहरण द्यायचं तर गतिरोधक. संस्थेच्या नियमाप्रमाणे तो दहा सेंटिमीटर उंच आणि पावणेचार मीटरच्या आसपास रुंद, गोलसर असावा आणि आधी सूचनेचा फलक असावा. म्हणजे बारा फूट रुंदीत फक्त चार इंच चढ. आपल्या गावाच्या वेशीजवळचा आठवून बघा. मुरमाचा ढीग ओतून केलेला, हातभर रुंद आणि गुडघ्याला येईल असा. त्यावरून मोटारसायकलवर मागे बसलेली बाई पडल्याच्या बातम्या मीच याच पोर्टलला दोनदा दिल्या आहेत.

संशोधन संस्थेला मात्र स्वातंत्र्याची वाट बघावी लागली. केंद्रीय रस्ते संशोधन संस्था दिल्लीत १९५२ मध्ये सुरू झाली.

जयकरांकडे परत येऊ. रस्त्याचा अहवाल देऊन ते मोकळे झाले आणि मोठ्या राजकारणात गुरफटले. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात आणि मोतीलाल व जवाहरलाल हे नेहरू बापलेक अलाहाबादजवळच्या नैनी तुरुंगात. सरकार आणि काँग्रेस यांच्यात बोलणी करायला कोण जाणार? तेजबहादूर सप्रू आणि जयकर पुढे झाले. दोघं येरवड्याला जात, तिथून नैनीला जात, व्हाइसरॉयला भेटत, पुन्हा येरवड्याला येत. शेवटी सरकारने नेहरूंना खास रेल्वेगाडीने येरवड्यात आणलं आणि तुरुंगातच बैठक झाली. त्या खेपेला जमलं नाही. पण १९३१ च्या मार्चमध्ये गांधी-आयर्विन करार झाला, त्यात या दोघांची खटपट होती. लंडनच्या गोलमेज परिषदांनाही जयकर गेले. १९३२ च्या सप्टेंबरात गांधीजींनी येरवड्यात उपोषण मांडलं आणि डॉ. आंबेडकरांशी पुणे करार झाला, त्यावरही जयकरांची सही आहे.

१९३७ मध्ये दिल्लीत फेडरल कोर्ट सुरू झालं. आजच्या सुप्रीम कोर्टाचं ते आधीचं रूप. त्याच्या पहिल्या तीन न्यायाधीशांत जयकर होते. तिथून ते लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलवर गेले, जिथे हिंदुस्थानातल्या खटल्यांचं शेवटचं अपील चाले.

ते न्यायाधीशाच्या खुर्चीत असताना इकडे रस्त्याचा कायदा झाला. त्याआधी १९१४ चा मोटार कायदा होता, पण तपशिलाचे नियम ज्याने त्याने करायचे. एका प्रांताची गाडी दुसऱ्या प्रांतात गेली की नियम बदलले. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने सबंध ब्रिटिश हिंदुस्थानाला एक चौकट दिली. लायसन, गाडीची नोंदणी, प्रवासी गाडीला परमिट, डाव्या बाजूने चालवायचं, उजवीकडून पुढे जायचं, आणि गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर भरपाईसाठी विमा. विम्याचा भाग १९४६ पासून लागू झाला. या कायद्यात जयकरांचा हात होता असं मी म्हणणार नाही. त्याचं कारण वेगळं होतं. खासगी मोटारी रेल्वेचे उतारू पळवत होत्या, त्यांना आवर घालायचा हाही परमिटमागचा एक हेतू होता. आपल्याकडच्या वडापवाल्यांना आजही परमिटाचा जो जाच वाटतो, त्याचं मूळ असं जुनं आहे. पण तिऱ्हाइताच्या विम्याचं कलम मात्र गरिबाच्या कामाचं निघालं. सध्या चालतो तो १९८८ चा कायदा, पण त्याचा सांगाडा १९३९ चाच. ऊसाच्या हंगामात मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही आणि विमाही संपलेला अशी ट्रॉली रात्री रस्त्यावर उभी करणाऱ्यांनी तो एकदा वाचावा. त्यात मीही एक वर्ष होतो, ते कबूल करतो.

गावाकडचं दार उघडलं १९४३ मध्ये, नागपुरात. दुसरं महायुद्ध चालू होतं, लष्करी ट्रकांनी रस्त्यांची वाट लागली होती. डिसेंबरात सगळ्या प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य इंजिनिअर नागपूरला जमले आणि वीस वर्षांची योजना केली. तोपर्यंत जयकर सत्तरीला आलेले आणि तिथे नव्हते. पण रस्ता हा देशाचा विषय आहे हे त्यांच्या समितीने आधी मान्य करून घेतलं होतं, त्यावरच ही बैठक उभी होती. नागपूर योजनेने पहिल्यांदा रस्त्यांच्या जाती ठरवल्या. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, मुख्य जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्राम मार्ग. शेतीच्या चांगल्या मुलखातलं कुठलंही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब राहू नये, असं उद्दिष्ट धरलं. स्वातंत्र्यानंतर प्रांत गेले, राज्यं आली आणि प्रांतिक महामार्गाचा राज्य मार्ग झाला.

माझ्या चार किलोमीटरचं कोडं इथे सुटलं. आपल्याकडे राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग हे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्राम मार्ग हे जिल्हा परिषदेकडे. सरकारी कागदावर प्रजिमा, इजिमा अशी जी अक्षरं दिसतात ती हीच. कागद हाती नसेल तर किलोमीटरचा दगड बघायचा. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, काळा किंवा निळा असेल तर जिल्ह्याचा रस्ता, भगवा असेल तर पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला. आमच्या तुकड्यावर दगडच नव्हता. शेवटी यादीत नाव सापडलं, इजिमा. आता अर्ज बरोबर टेबलावर आहे, पोचही मिळाली आहे.

स्वातंत्र्याच्या तोंडावर जयकर पुन्हा एकदा मोठ्या जागी दिसतात. १९४६ च्या डिसेंबरात घटना समिती बसली, त्यात मुंबईतून ते होते. पंडित नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. मुस्लिम लीग आलेली नव्हती. ती येईपर्यंत ठराव थांबवावा, अशी दुरुस्ती जयकरांनी मांडली. सभागृहात बऱ्याच जणांना ती रुचली नाही. समजावून, थांबून, सगळ्यांना घेऊन जायचं ही त्यांची जुनी सवय. पण तो काळ थांबायला तयार नव्हता. पुढे त्यांनी घटना समितीचा राजीनामा दिला. त्याच सुमारास फाळणीमुळे डॉ. आंबेडकरांची बंगालमधली जागा गेली होती. जयकरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर १९४७ च्या जुलैमध्ये मुंबईतून बाबासाहेब निवडून आले आणि पुढे मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. एवढी मोठी गोष्ट ज्या जागेवरून घडली, त्या जागेवर आधी कोण होतं हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे.

वयाच्या पंचाहत्तरीला माणूस ओसरीवर बसतो. जयकर त्या वयात पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९४८ मध्ये विद्यापीठाचा कायदा झाला, फेब्रुवारी १९४९ मध्ये विद्यापीठ सुरू झालं. गणेशखिंडीतला गव्हर्नरचा जुना बंगला मिळाला. तेव्हा या विद्यापीठाचा पसारा बारा जिल्ह्यांचा होता, म्हणजे आपल्या भागातली महाविद्यालयं त्याच्याच खाली. आमच्या वडिलांच्या पिढीत जो कुणी बी.ए. झाला, त्याच्या शिक्षणाचा पाया जयकरांच्या वेळचा आहे. १९५६ पर्यंत ते कुलगुरू राहिले. मग आपल्या आयुष्याची हकिकत इंग्रजीत लिहायला बसले. १० मार्च १९५९ रोजी ते गेले. वय पंच्याऐंशी. संयुक्त महाराष्ट्र व्हायला वर्षभर राहिलं होतं.

दोन आण्यांचं पुढे काय झालं तेही सांगतो. तो निधी स्वातंत्र्यानंतरही राहिला, पण पैसा भरपूर गोळा व्हायचा आणि निधीत थोडा यायचा, अशी तक्रार वर्षानुवर्षं होती. २००० साली केंद्रीय रस्ते निधीचा नवा कायदा झाला, पेट्रोलच्या जोडीला डिझेलवरचा सेस त्यात आला आणि डिझेलच्या सेसचा अर्धा वाटा ग्रामीण रस्त्यांना द्यायचं ठरलं. ग्रामसडक योजना त्याच वर्षी डिसेंबरात सुरू झाली. २०१८ मध्ये निधीच्या नावात पायाभूत सुविधा हा शब्द घातला गेला, म्हणजे आता तो रस्त्याखेरीज इतर कामांनाही जाऊ शकतो. वेगळा ठेवायचा म्हणून जो पैसा जयकरांच्या समितीने बाजूला काढला होता, तो हळूहळू पुन्हा मोठ्या तिजोरीच्या जवळ सरकतो आहे, असं माझं मत.

आणि एक गोष्ट नांगरणीच्या वेळी नेहमी मनात येते. १९२९ मध्ये कर होता मोटारवाल्यावर, कारण रस्ता तो वापरत होता. आज ट्रॅक्टर दिवसभर माझ्याच रानात फिरतो, डांबराला त्याचं चाकही लागत नाही, तरी त्याच्या टाकीतल्या प्रत्येक लिटर डिझेलवर मी रस्त्याचा सेस भरलेला असतो. गावात आज एकही घर असं नाही की ज्याच्या दारात मोटारसायकल नाही. म्हणजे लोकल फंडाच्या आण्यासारखं पुन्हा आपणच भरतोय, फक्त तलाठ्याच्या ऐवजी पंपावर.

परवा पुतणीचं सामान आणायला पुण्याला गेलो होतो. गणेशखिंड रस्त्यावर विद्यापीठ चौकात पाऊण तास अडकलो. तिथला आधीचा उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला, मेट्रोसाठी. डाव्या हाताला विद्यापीठाचं फाटक दिसत होतं. पुतणी म्हणाली की रोजचंच आहे हे, ती चालत जायची.